येणारा दोरी ओढत नाही

९ जानेवारी

पोचलो एकदाचे. सामान उतरवायच्या आधीच गावातल्या तिघांनी विचारलं, डोंगरातली माणसं इथं सपाटीवर काय करणार? होरियानं तिघांनाही एकच उत्तर दिलं: झोपा काढणार. सगळे हसले. माझा नवरा कुठंही गेला की पाच मिनिटांत तिथलाच होऊन जातो. मला महिना लागतो, आणि तोवर बोलायला ही वही.

मोविला म्हणजे एक लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना घरं, आणि त्यापुढं काही म्हणजे काही नाही. आमच्याकडं नजर कुठंतरी डोंगराला अडते. इथं ती जाते ती जातेच. जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयानं मला या हिवाळ्यापुरती इथली समन्वयक नेमलंय. म्हणजे बर्फाचं वादळ आलं की कुणाला हलवायचं, कोणता रस्ता आधी मोकळा करायचा, कुणाचं औषध कसं पोचवायचं, हे मी ठरवायचं. बर्फ ढकलणारा ट्रॅक्टर होरियाकडं. एकाच घरात हुकूम देणारी आणि हुकूम झेलणारा, असं तो गावभर सांगत सुटलाय.

राहायला शाळेतली मास्तरांची खोली मिळाली. मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली, आणि आता वादळात गावानं जमायची जागा तीच. भिंती जाडजूड, मोठी मातीची भट्टी, वर माळ्याला एक खिडकी. आत शिरताना मी उंबरठ्यावर ठेचकाळले. कुऱ्हाडीचे घाव बसून बसून त्याचं लाकूड पार खाल्लं गेलंय. बरोबर सरपंच पनाइत होते. मी विचारलं, तुमच्याकडं सरपण उंबरठ्यावर फोडतात की काय? त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि भट्टी छान तापते म्हणाले. नंतर पाहिलं तर समोरच्या घराच्या उंबरठ्यावरही तसेच घाव. धन्य आहे. अंगणापर्यंत जायचाही कंटाळा!

जेवणाची चिंता सफ्तामावशींनी मिटवली. पूर्वी त्या शाळेत मुलांचं जेवण करायच्या, अजून किल्ली त्यांच्याकडंच असते. आल्या त्या चोर्ब्याचं, म्हणजे इथल्या आंबट सुपाचं, पातेलं कडेवर घेऊनच. होरियाला तीनदा वाढलं आणि मला म्हणाल्या, नवरा चांगला उंच आहे, बर्फात लवकर सापडेल. हा त्यांचा विनोद. हसावं की नाही कळेना, पण होरिया खो खो हसला, मग मीही हसले.

१२ जानेवारी

नुसती पायपीट. कुणाकडं किती सरपण, कुणाला रोजची गोळी लागते, कुणाचं छप्पर आज पडेल की उद्या, सगळं माझ्या डोळ्यांनी पाहून घेतलं. तरुण माणूस दिसेल तर शपथ. सगळे इटलीत नाहीतर स्पेनमध्ये, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. इथले म्हातारे आमच्या भरवशावर.

त्यातले नेकुलाय बाबा माझे लाडके झालेत. नव्वदीला टेकलेत, कान शाबूत, दात एक. मी गेले की विचारतात, तो उंच तुझाच ना, की भाड्यानं आणलास? त्यांचा धाकटा भाऊ इलिये लहानपणी मेंढरांमागे गेला आणि वादळात परत आलाच नाही. हे ते असं सांगतात, जणू तो दुकानात गेलाय आणि त्याला थोडा उशीर झालाय.

दुपारी ओदाया नावाच्या वस्तीवर गेलो. गावाबाहेर, मोकळ्या माळावरून ट्रॅक्टरनं अर्धा तास. तिथं तीन घरं, दोन ओस. तिसऱ्यात रुक्सांद्रा, नववा महिना लागलेली, तिची सासू आणि एक गाय. नवरा स्पेनमध्ये. मी म्हटलं, वादळाच्या आधी दोघी शाळेत राहायला या. रुक्सांद्रा तयार होती. सासूबाई म्हणे गाय येणार असेल तर येते. गाईला वर्गात कुठं बसवू? सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असली बाई. शेवटी रुक्सांद्राही थांबली, सासूला एकटीला कशी सोडणार.

निघताना ती फाटकापर्यंत आली. माझी बाही धरून म्हणाली, “ताई, माझी वेळ आली तर कुणी येईल ना?”

“मी माणूस पाठवीन,” मी म्हटलं. “शब्द आहे माझा.”

येताना होरिया म्हणाला, तुझा शब्द म्हणजे मीच की. मी म्हटलं, मग दुसरं कोण?

१५ जानेवारी

जिल्ह्याहून इशारा आला. उद्या संध्याकाळपासून क्रिवत्स सुटणार. क्रिवत्स म्हणजे इथला ईशान्येचा वारा. लोक त्याचं नाव एखाद्या वाईट नातेवाइकासारखं घेतात, आवाज उतरवून. मी मनात हसले. आमच्याकडं घरं छपरापर्यंत बुडतात तरी कुणी कुजबुजत नाही.

पण एक गोष्ट मला आवडली. दुपारपासून जो तो आपल्या अंगणात दोऱ्या बांधत होता. घरापासून गोठ्यापर्यंत, घरापासून विहिरीपर्यंत. वादळात हातभर पुढचं दिसत नाही म्हणे, आपल्याच अंगणात माणसं वाट चुकून गोठलीत. दोरी धरून जायचं, दोरी धरून यायचं. पेंढ्याचे भारे बांधायच्या यंत्राची निळी दोरी असते ना, तीच. एकेका रिळावर मैलाच्या वर. पनाइतांच्या कोठारात अशी रिळं छतापर्यंत रचलेली आहेत.

माझ्या डोक्यात लगेच एक कल्पना आली. वादळात कुणाला बाहेर पाठवायची वेळ आलीच तर दोरीचं एक टोक शाळेत बांधायचं आणि रीळ ट्रॅक्टरवर ठेवायचं. ट्रॅक्टर जाईल तशी दोरी सुटत जाईल. वाट हरवली तरी दोरी आहे. पनाइतांना सांगितलं तर ते म्हणाले, अंगणातल्या दोरीची दोन्ही टोकं आपल्याच अंगणात असतात. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, मग काही नाही.

या लोकांकडून सरळ उत्तर काढायचं म्हणजे दगडातून पाणी काढायचं.

१६ जानेवारी

सुटला. बोलावणं न पाठवता सगळे शाळेत आले, आपापली घोंगडी, आपापली उशी, कुणी कोंबडी पिशवीत घालून. सगळ्यांना जागा लावून दिली. मावशींनी मोठ्या कढईत घेवडा शिजवला. संध्याकाळी वीज गेली. आवाजाचं म्हणाल तर मी चुकले होते. आमच्याकडं वारा डोंगराला आपटून थांबतो, श्वास घेतो. हा घेतच नाही.

तरी काम छान चाललंय. जिल्ह्याला निरोप दिला: सर्व सुखरूप. ओदायाला फोन केला, रुक्सांद्रा हसत होती. होरिया नेकुलाय बाबांशी पत्ते खेळतोय आणि मुद्दाम हरतोय.

१७ जानेवारी

सकाळी रुक्सांद्राचा निरोप आला: कळा सुरू झाल्यात, ताई. त्यानंतर फोनचा मनोरा गेला तो गेलाच. बिनतारीवरून जिल्हा म्हणाला की मुख्य रस्ताच बंद आहे, हेलिकॉप्टर उडणार नाही, तुम्हाला जे जमेल ते करा. तेवढं सांगून तोही संपर्क तुटला. जनरेटरचं डिझेल थिजलंय, ट्रॅक्टरमध्ये मात्र होरियानं हिवाळी डिझेल भरलंय.

मी होरियाकडं पाहिलं. तो बूट घालतच होता.

दोरी मी स्वतः बांधली, दाराच्या आतल्या बाजूला, भट्टीजवळच्या लोखंडी नळाला. दाराखालून बाहेर काढली आणि रीळ ट्रॅक्टरवर चढवलं. दुसरं रीळ जोडायला बरोबर दिलं. एक वॉकीटॉकी त्याच्याकडं, एक माझ्याकडं, पण या वाऱ्यात तिचा भरवसा नाही, म्हणून खुणा ठरवल्या. एकदा ओढलं म्हणजे पोचलो. दोनदा म्हणजे निघालो, येतोय. कळावं म्हणून मी आतल्या दोरीला शाळेची पितळी घंटी अडकवली. या घंटीचं मला फार कौतुक वाटलं.

गावाला नाही वाटलं. सगळे भिंतीकडं सरकून बसले. पनाइतांनी एकदा, मग पुन्हा एकदा विनवलं, दोरी नको, तसंच जाऊ दे त्याला. मी म्हटलं, या धुरळ्यात तसंच पाठवू? तुमचा मुलगा असता तर पाठवला असतात? मग सफ्तामावशी उठल्या, सरपणाची छोटी कुऱ्हाड आणून माझ्या हातात दिली.

“येणारा माणूस दोरी धरून येतो, पोरी. ओढत नाही,” त्या म्हणाल्या. “ओढली गेली आणि दारात कुणी आलं नाही, तर कापायची. उंबरठ्यावर. ज्यानं बांधली त्यानंच.”

मी त्यांना खुणांचं सांगितलं. ओढायचं असंच तर आमचं ठरलंय ना. ते ऐकून त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि माझ्याकडं पाहिलंच नाही.

होरियानं सगळ्यांदेखत माझा मुका घेतला. नेकुलाय बाबांनी शिट्टी मारली. ट्रॅक्टर फाटकातून बाहेर पडला आणि लगेच दिसेनासा झाला. दोरी मात्र बराच वेळ दाराखालून सरकत राहिली.

दुपारी

घंटी वाजली. एकदा! पोचला! मी टाळ्या वाजवल्या. इतर कुणी वाजवल्या नाहीत.

संध्याकाळ व्हायच्या आत

दोनदा. येतायत. मावशींना सांगून पाणी उकळत ठेवलं, भट्टीजवळ गादी घातली, स्वच्छ चादरी काढल्या. रुक्सांद्राला कुठं निजवायचं, सासूला कुठं, सगळं लावून ठेवलं. मी दाराला कान लावून बसलेय. अर्ध्या तासाचा तर रस्ता.

१८ जानेवारी

आले नाहीत.

पुन्हा दोनदा वाजली. आणि पुन्हा. दर वेळी मी दार उघडते, वारा आत घुसतो, म्हातारी माणसं घोंगडी ओढून घेतात, बाहेर कुणी नसतं. नुसता पांढरा धूर. वॉकीटॉकीत खरखर.

माझं डोकं अजून ठिकाणावर आहे म्हणून नीट लिहिते. सकाळी उजाडल्यावर मी स्वतः पाहायला गेले. कमरेला दुसरी दोरी बांधली, तिचं टोक पनाइतांनी धरलं, आणि निळ्या दोरीवर हात ठेवून चालत निघाले. दहाएक पावलांवर शाळेचा झेंड्याचा खांब आहे. तिथपर्यंत दोरी मोकळी. त्यापुढं ती बर्फात शिरते, आणि बर्फ वाऱ्यानं दाबून दगड झालाय. मी दोन्ही हातांनी ओढली, पाय रोवून ओढली. जराही हलली नाही. सबंध माळावर ती अशीच गाडली गेलेली असणार. तिकडून कुणी बैल लावून ओढली तरी इकडं कळायचं नाही.

मी तिथं उभी होते. दोरी हातात होती. आणि हातातच ती ओढली गेली. दोनदा.

मागं शाळेत घंटी वाजलेली मला ऐकू आली.

म्हणजे जो ओढतोय तो खांबाच्या अलीकडं आहे. शाळेच्या आणि खांबाच्या मध्ये. तिथं तर मीच होते.

कशी परत आले आठवत नाही. पनाइत म्हणतात, ओरडत होतीस.

दुपारी

मावशींना सगळं सांगितलं. त्या ऐकत घेवडा निवडत राहिल्या. मग त्यांनी उंबरठ्यावरचा एक घाव दाखवला, उजव्या कडेचा, खोल. तो माझा, म्हणाल्या. गोष्ट त्यांच्या लग्नाआधीची, त्यांची बहीण औषध आणायला गेली होती, दोरी ओढली जाऊ लागली, दारात कुणी येईना. इथं आसऱ्याला जमलेल्यांनी कुऱ्हाड यांच्या हातात दिली, कारण गाठ यांनी मारली होती. त्यांनी कापली. बर्फ वितळल्यावर बहीण सापडली, दारापासून चार पावलांवर. मुठीत दोरी.

मी विचारलं, कापायच्या आधी धरली होती की नंतर?

त्या म्हणाल्या, मी आयुष्यभर तेच विचारतेय.

मग मला कापायला कशाला सांगता? असं मी जोरात म्हटलं. मावशी म्हणाल्या, कारण कापली नाही तर काय होतं तेही मी पाहिलंय.

थोड्या वेळानं

नेकुलाय बाबा गेले.

मी भट्टीत लाकडं घालत होते. ते उठले, टोपी घातली, शर्टाची बटणं लावली, पाहुण्यांकडं जाताना लावतो तशी. घंटी वाजली आणि ते म्हणाले, आलो रे इलिये, किती घाई. दार उघडलं, दोरी हातात घेतली आणि निघाले. मी धावले. दोरी हाताला लागली, बाबा नाहीत. दहा पावलांत नव्वदीचा माणूस कुठं जाईल? खांबाशी त्यांची टोपी पडली होती, उताणी. आत बर्फाचा कणही नव्हता.

एवढी माणसं माझ्या जबाबदारीवर आहेत. मी दाराला आतून बाक लावलाय.

१९ जानेवारी

तुदोराही. खालच्या आळीतली, नुकतीच विधवा झालेली, दोन दिवस तोंडातून शब्द नाही. बाक एकटीनं सरकवला. आम्ही तिघांनी धरली होती तिला. हसत होती. नवऱ्याला म्हणत होती, थांबा, चप्पल तरी घालू द्या.

थंडीत चप्पल.

—

आता सगळ्यांनाच ऐकू येतंय. प्रत्येकाला आपापलं. पनाइत कानात बोटं घालून बसलेत, त्यांचे वडील हाका मारतायत म्हणे.

मला होरिया. वेता, दार उघड. वेता, हात गारठले. त्याच्याखेरीज मला वेता कुणी म्हणत नाही. ही माणसं मला मॅडम म्हणतात.

—

गावकऱ्यांनी मला घेरलं नाही, धमकावलं नाही. नुसतं बघतायत. पनाइत गुडघ्यावर बसले माझ्यापुढं, एवढा मोठा माणूस. म्हणाले, मॅडम, आम्ही कापली असती, पण ती आमची गाठ नाही.

मी म्हटलं, रुक्सांद्रा त्या दोरीवर असेल. तिला शब्द दिलाय मी. होरिया असेल. बाळ असेल.

घंटी वाजली. कोपऱ्यातली एक म्हातारी उठून बटणं लावू लागली.

—

कापली.

दोन घाव लागले. पहिला नीट बसला नाही. नळाशी हातभर तुकडा राहिला, घंटी त्यालाच. बाहेरचं टोक दाराखालून सुळकन गेलं. कुणीतरी वाटच पाहत असल्यासारखं.

मग काही नाही. कुणालाच काही ऐकू येईना. ती म्हातारी पुन्हा खाली बसली आणि रडायला लागली, मला का थांबवलं म्हणून.

मावशींनी माझ्या मुठीतून कुऱ्हाड सोडवली. उंबरठ्यावर आता माझाही घाव आहे. दोन.

हे सगळं मी ठरवायचं होतं. मी ठरवलं.

२० जानेवारी, सकाळ

वारा पडला. ऊन. डोळे दिपतात. पनाइत म्हणतात, हा दम घेतोय, दुपारनंतर पुन्हा उठेल.

ओदायाला कोण जाणार? ट्रॅक्टर तिकडंच. जिल्हा बोलत नाही. मी सगळ्यांना विचारलं. सगळे खाली बघतात.

—

वॉकीटॉकी बोलली!

होरिया. स्पष्ट. होरियाच. पोचला होता. दोरी वाटेत कुठंतरी अडकून तुटली असं त्याला वाटलं, त्यानं एकदाही ओढली नाही, खूण करता आली नाही म्हणून माझी माफी मागत होता. ट्रॅक्टर बंद पडलाय. मुलगी झाली. सासूनं सोडवलं. मागं बाळ रडतंय, मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं.

मी बोलते ते त्याला ऐकू जात नाही. बटण दाबलं की दिवा विझतो. बॅटरी ऐकण्यापुरतीच उरलीय. मी ओरडतेय, आहे तिथंच थांब, आणि तो बोलतोच आहे —

—

त्याचे शब्द लिहून ठेवते.

“वेता, दोरी पुन्हा हाताला लागली बघ. कालपासून तू दोनदा ओढतेयस, कळलं मला, ये म्हणतेयस ना? सरपण संपलंय, म्हातारी गाईपाशी थांबतेय, आम्ही दोघं बाळाला घेऊन निघालो. दोरी मस्त ताठ धरलीयस. अशीच धर.”

मग हसला. म्हणाला, “आणि नेकुलाय बाबांना कशाला पाठवलंस एवढ्या थंडीत? पुढं उभे आहेत, दोरी धरून. हात करतायत.”

मग दिवा गेला.

—

माळ्यावरच्या खिडकीतून दिसतायत.

लख्ख दिसतायत. होरिया उंच आहे. मागं रुक्सांद्रा, छातीशी गाठोडं. पुढं एक वाकलेला, आणि त्याच्या पुढं आणखी, रांगेनं, कितीतरी. सगळ्यांचा एक हात पुढं, दोरी धरल्यासारखा.

गावाकडं येत नाहीयेत. उत्तरेला चाललेत. तिकडं काही नाही. माळ.

घंटी बडवली, पातेली बडवली. पनाइतांनी बंदूक उडवली. होरियानं मान वळवलीसुद्धा नाही. दोरीवर भरवसा आहे त्याचा. माझ्यावर.

—

वारा उठतोय. कडेनं बर्फाचा धूर सुरू झालाय.

त्यांना परत आणायला मी निघालेय. नवं रीळ. माझ्या कमरेला मी बांधलं. नळाची गाठ मावशींनी मारली, मीच मारायला लावली. नको नको म्हणत होत्या, हात जोडत होत्या. पण गाठ ज्याची त्यालाच कापता येते, आणि मी बाहेर असताना या इतक्या जणांसाठी कापणारं इथं कुणीतरी लागेलच.

कुऱ्हाड त्यांच्या मांडीवर ठेवलीय.

सांगितलंय: मी दोरी धरून येईन. ओढणार नाही. पडले, मोडले, काही झालं तरी ओढणार नाही. ओढली गेली तर ती मी नव्हे. कापा.

मावशी विचारतात, आणि तूच असलीस तर?

मी म्हटलं —